भाजलेलेच दाणे

हे झालं एकोणीसशे सत्त्याण्णव साली. साल नक्की सांगता येतं, कारण त्याच साली त्यांच्या गल्लीतले दिव्यांचे जुने खांब काढून नवे उभे केले आणि त्यासाठी खणलेला चर त्यांच्या फाटकासमोर महिनोन् महिने तसाच पडून राहिला. चरावर एक फळी टाकलेली होती. कुणीही आलं की ती फळी आधी करकरायची, मग खाली आपटायची, आणि घरात कळायचं की कोणीतरी आलं. लेक आली की तिचं पहिलं वाक्य त्या फळीबद्दलच असायचं. "कुणाचा तरी पाय मोडल्याशिवाय हे लोक बुजवायचे नाहीत," असं म्हणत ती चप्पल काढायची आणि म्हणताना वडिलांच्या पायांकडे बघायची.

रविवारची सकाळ होती. लेकीची आई मागच्या पायरीवर परात घेऊन शेंगा मोडत बसली होती आणि अंगणात तिचे यजमान कॉफी भाजत होते. निखारे धरले होते, शेगडीवर ड्रम चढला होता, मोटर सुरू झाली होती. मान वर करून बघायची तिला गरज नव्हती. दर रविवारी हेच आवाज याच क्रमाने यायचे आणि ती त्यांच्या तालावर शेंगा मोडायची. मोटरची घरघर, सळईची एक बारीक कुरकुर, आणि मग ड्रमच्या पोटात दाण्यांचा आवाज. कच्चे दाणे जड असतात. ते फिरताना ओले खडे टोपलीत घोळवावेत तसा खालच्या पट्टीतला, भरीव आवाज येतो. त्या दिवशी तो आला नाही. वाळक्या पानांतून कुणीतरी अनवाणी चालत गेल्यासारखं काहीतरी सळसळलं, आणि तसंच सळसळत राहिलं. शेंग तिच्या हातात अर्धी मोडून तशीच राहिली.

तिला लगेच कळलं. खिडकीच्या कट्ट्यावर दोन डबे असत. उंच पांढऱ्या डब्यात कच्चे हिरवे दाणे, आणि जुन्या बिस्किटांच्या, झाकणावर घोडे रंगवलेल्या डब्यात भाजलेले. घोड्यांच्या डब्याचं झाकण नेहमी जरा सैल ठेवायचं, कारण भाजलेले दाणे काही दिवस श्वास टाकत असतात, त्यांना कोंडून ठेवलं तर चव मरते, असं यजमानांचं म्हणणं. आता ते झाकण कट्ट्यावर उलटं पडलं होतं. गेल्या रविवारी भाजलेले, सोन्यासारखे जमलेले दाणे त्यांनी पुन्हा ड्रममध्ये ओतले होते आणि निखाऱ्यांवर फिरायला लावले होते.

नुसतं म्हणायचं होतं, अहो, ते भाजलेलेच आहेत. एवढंच. ते "अरेच्चा" म्हणाले असते, मोटर बंद केली असती, आणि दाणे थोडेसे काळे होऊन वाचले असते. पण तिचं तोंड उघडेना. तिच्या मनात आलं, त्यांनाच ऐकू येईल. आत्ता येईल. तिला ऐकू आलं ते त्यांना येणार नाही असं होईलच कसं? आयुष्यभर दुसऱ्या कशावर पोट भरलं होतं त्यांनी?

त्यांची नोकरी रेल्वेच्या यार्डात, चाकं ठोकून बघण्याची. लांब दांड्याची हातोडी घेऊन उभ्या गाडीच्या कडेने चालत जायचं आणि एकेका चाकावर ठोका द्यायचा. धड चाक घंटेसारखं वाजतं. तडा गेलेलं चाक बद्द वाजतं, फुटक्या मडक्यासारखं, मग तो तडा डोळ्यांना दिसो किंवा न दिसो. थंडीत, धुक्यात, वाफेच्या फुसफुसाटात, शेजारच्या रुळावरून गाडी धडधडत जात असतानाही त्यांना तो एक बद्द आवाज बरोबर सापडायचा. ती तेव्हा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. यार्डातून रोज सकाळी फोन यायचा आणि तिला तो जोडून द्यायला लागायचा. बाकीचे लोक "हॅलो, हॅलो" करून कान किटवायचे. हा माणूस आधी गप्प राहायचा, जणू तारेच्या त्या टोकाला कान लावून बसलाय, आणि मग हळूच म्हणायचा, "बाई, तुमच्या लाईनीत आज खरखर आहे. बोलून घ्या कुणाशी तरी." खरखर खरंच असायची. पुढे बोलणी झाली आणि तो बघायला आला तेव्हा तिची धाकटी मावशी स्वयंपाकघरात खुसखुसली होती, "सांभाळ गं, हा माणूस तुलाही ठोकून बघेल!" आणि ते खोटं नव्हतं. घर भाड्याने घेताना त्यांनी भिंती ठोकून पाहिल्या. लग्नाच्या आहेरातली पातेली त्यांनी एकेक करून नखाने वाजवली आणि एक बाजूला काढून ठेवलं. पुढच्याच वर्षी ते पातेलं बुडाशी गळायला लागलं. लेक झाली तेव्हा तिच्या पाठीवर दोन बोटं अशी हलकेच वाजवून ते म्हणाले होते, "खणखणीत आहे." दाई हसून हसून बेजार झाली होती.

ड्रमची सळसळ चालूच होती. ते शेगडीजवळ उभे होते, पाठ तिच्याकडे, मान जराशी कललेली. उजव्या हाताची तर्जनी वर. ती तर्जनी म्हणजे त्यांची खूण होती: गप्प राहा, आता फुटतील. दाणा तापत तापत एका क्षणी फुटतो, सुकी काटकी मोडावी तसा तटकन, मग दुसरा, तिसरा, आणि मग सगळा ड्रम तडतडायला लागतो. ती तडतड ऐकू आली की बोट खाली यायचं. तडतड ओसरायची, मधे थोडी शांतता, आणि मग दुसरा आवाज येऊ घातलेला असायचा, खूप बारीक, कागद चुरगळल्यासारखा. त्याच्या आत ड्रम उतरवायचा. जरा उशीर झाला तर कॉफी कडू, जरा घाई झाली तर आंबट. ड्रम बंद, त्यावर धूर, आत काही दिसायचं नाही. त्यांना तेच तर आवडायचं. "बघायचं नाही, ऐकायचं," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे.

ही शेगडी खरं तर जावयाची हौस. अंगणात मंडळी जमवून मांस भाजायचं अशा बेताने त्याने ती आणली, एकदा भाजलं, सगळ्यांचे डोळे चुरचुरले, आणि मग ती पावसापाण्यात गंजत पडली. यजमान तेव्हा नुकतेच निवृत्त झालेले. घरातल्या घरात फिरायचे आणि जे दिसेल त्यावर टकटक करायचे. ती एकदा वैतागून म्हणाली होती, "आता माझ्या डोक्यावर वाजवा, तेवढंच राहिलंय." तेव्हा शेजारच्या कंडक्टरने कुठल्याशा नातलगाकडून आलेले कच्च्या कॉफीचे दाणे आणून दिले आणि म्हणाला, "हातोडेसाहेब, बघा याचं काही जमतंय का." त्यांचं आडनाव हातोडे नव्हतं, कंडक्टरने ठेवलेलं नाव ते. कढईत भाजले ते एका बाजूने करपले, एका बाजूने कच्चे. मग त्यांनी भोकांचा पत्रा आणला, वाकवून त्याचा पिंप केला, मधून सळई घातली, भंगारातून मोटारगाडीच्या काचेची पुसणी फिरवणारी छोटी मोटर आणली, आणि महिनाभर खटपट करून एका रविवारी अशी कॉफी पाजली की तिला वाटलं, आपण आजवर कॉफी म्हणून दुसरंच काहीतरी पीत होतो. त्या रविवारी त्यांनी कपाच्या कडेवर नख वाजवलं आणि नुसतेच तिच्याकडे बघून हसले. त्यांचं असं हसणं फार नव्हतं. जेवढं होतं तेवढं तिला सगळं पाठ होतं.

धुराचा रंग बदलायला लागला. पहिल्यांदा गवत जळाल्यासारखा पांढरा धूर येतो, तो आज आलाच नाही; एकदम निळसर, डोळ्यांत जाणारा धूर जाळीतून निघाला. त्यांचं बोट अजून वर होतं. ती मनातल्या मनात त्यांना ढकलत होती, ऐका ना, अहो ऐका ना, हलकं वाजतंय, पोकळ वाजतंय. लेक लहान असताना शाळेच्या समारंभात कविता म्हणायला उभी राहिली होती आणि मधेच अडली होती, तेव्हाही ती अशीच बसली होती, मांडीवरच्या मुठी आवळून, ओठ न हलवता ओळ पुढे सरकवत. तेव्हा लेकीला आठवलं होतं. सभागृहातल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

गेल्या वर्षभरात काय काय झालं ते तिने मनात नीट ओळीने कधी लावलं नव्हतं. ओळीने लावलं की त्याचा काहीतरी अर्थ झाला असता. एक दिवस ते पहाटे उठून यार्डाचा जुना खाकी कोट घालून फाटकाशी उभे होते. "मस्टर चुकेल," म्हणाले. तिने चहा पाजून कोट काढून घेतला. एकदा लेकीला त्यांनी आपल्या बहिणीच्या नावाने हाक मारली; ती बहीण जाऊन युग लोटलं होतं. लेक हसली, पण परत जाताना फळीवर थांबली आणि मागे वळून घराकडे बघत राहिली. मग एकदा नळ रात्रभर उघडाच राहिला. मग गेल्या महिन्यात कोट शेगडीच्या तापलेल्या दांड्यावर टांगून ते आत निघून गेले आणि कोटाची बाही जळाली. नेमकी लेक त्याच दिवशी आली होती. तिने जळकी बाही हातात धरली आणि आईला आत बोलावलं.

"आई, आता ऐक. अजून एकदा असं काही झालं ना, तर मी शेगडी, ड्रम, सगळं उचलणार. आणि तुम्हा दोघांना घेऊन जाणार. मी विचारणार नाहीये तेव्हा."

"तुझ्याकडे अंगण कुठे आहे?"

"अंगण नाहीये. माणसं आहेत."

लेक वाईट नव्हती. तिची काळजीच तशी होती, पायातले बूट न काढता घरात शिरणारी. आणि तिच्या त्या उंचावरच्या घरात सगळं होतं, लिफ्ट होती, गरम पाणी होतं, गाद्या मऊ होत्या. फक्त वाजवून बघावं असं काही नव्हतं. तिथे ते खिडकीशी बसतील आणि बसूनच राहतील, हे तिला दिसत होतं. या घरात रविवार अजून त्यांना सापडत होता. बाकीचे वार हल्ली एकमेकांत मिसळले होते, पण डब्यातली कॉफी तळाला गेली की ते स्वतःहून म्हणायचे, "उद्या भाजायला हवी," आणि ते म्हणाले की ती लगेच कोळसे काढून ठेवायची. हा धागा तुटला की मागे काय उरणार होतं?

"काय हातोडेसाहेब, डबल बेल कधी मारताय? आज बाहेरचे पॅसेंजर रडायला लागले धुराने!" भिंतीपलीकडून कंडक्टरचं डोकं वर आलं. पाणी घालायची नळी त्याच्या हातात होती.

त्यांनी न बघता वरचं बोट हलवलं. गप्प. अजून फुटायचेत.

कंडक्टरने तिच्याकडे पाहिलं. मग कट्ट्यावरच्या डब्याकडे, उलट्या पडलेल्या घोड्यांकडे. तो मघापासून तिथेच होता, झाडांना पाणी घालत. कुणी कुठल्या डब्यातून काय ओतलं ते त्याने पाहिलं असणार. त्याचं सदा हसरं तोंड हळूहळू मिटत गेलं.  नळीचं पाणी एकाच कुंडीत पडत राहिलं, कुंडी भरून वाहायला लागली.

"फुटत कसे नाहीत अजून?" यजमान म्हणाले. स्वतःशीच.

"दमट असतील," ती म्हणाली. आणि म्हणताक्षणी तिला कळलं की आपण वाट बघणं सोडून आता दुसरंच काही करतोय.

"दमट," ते म्हणाले. "असेल." आणि त्यांनी निखारे आणखी वर ओढले.

मग ते तिच्याकडे वळले. धुराने डोळे लाल झाले होते, पण त्यांत जे होतं ते धुराचं नव्हतं. "अगं," ते हळू आवाजात म्हणाले, भिंतीपलीकडे जाऊ नये अशा बेताने, "मला ऐकू येईनासं झालंय का गं?"

तिला वाटलं, आत्ता सांगावं. मोकळं करावं यांना. कान शाबूत आहेत हो तुमचे. पण मग काय शाबूत नाही ते कोण सांगणार? "नाही हो," ती म्हणाली. "मलाही नाही येत. दाणेच वाजत नाहीयेत." हे खरं होतं. दाणा एकदाच असा फुटतो. फुटून गेलेल्याला कितीही तापवा, तो तसा पुन्हा फुटत नाही. त्याच्याजवळ तेवढं उरलेलंच नसतं.

जाळीतून पहिली ज्वाळा बाहेर आली तेव्हाच समोर फळी करकरली आणि आपटली.

पुढचं सगळं एकदम झालं. ती उठली, परात लवंडली, शेंगा पायरीवरून घरंगळल्या. "अहो, उतरवा!" "अगं, फुटलेच नाहीत, कच्चे उतरवू?" कंडक्टरने भिंतीवरूनच नळीची धार सोडली, निखारे फुत्कारले, राख आणि वाफ सगळ्यांच्या अंगावर उडाली, आणि त्या वाफेतून लेक धावत आली, खांद्याची पिशवी एका हाताने सावरत. कुणाला काही झालं नव्हतं. मोटर मात्र ओल्या अंगाने घरघरत होती आणि ड्रम फिरतच होता. लेकीने वायर ओढली. ड्रम थांबला. तिने फडक्याने धरून दार उघडलं आणि आतला कोळसा जमिनीवर ओतला. मग तिची नजर कट्ट्यावर गेली. पांढरा डबा काठोकाठ भरलेला. घोड्यांचा डबा रिकामा. लेक हुशार होती, लहानपणापासून.

"बाबा," ती म्हणाली, "हे तर भाजलेलेच..."

ते डब्याकडे बघायला लागले. आणि आईने त्यांचा चेहरा पाहिला. ते कळण्याच्या अगदी काठावर उभे होते. तर्जनी अजून अर्धवट उचललेली, ओठ किंचित उघडे; ठोका पडला होता आणि आवाज कानापर्यंत येऊन थांबला होता. अजून एक क्षण, आणि त्यांना तो बद्द आवाज ऐकू आला असता, कुठून येतोय तेही समजलं असतं. शेगडी जाणार, घर जाणार, हे सगळं तिने सोसलं असतं. हे तिला बघवणार नव्हतं.

"मी भरले," ती म्हणाली. "हे हात धुवायला आत गेले होते. मी म्हटलं, तेवढंच आपण भरून ठेवू. मीच भरले गं. डबा बघितलाच नाही."

 भिंतीपलीकडे कंडक्टरने नळ बंद केला. लेकीची नजर वडिलांवरून उचलली गेली आणि विजेरीचा झोत वळावा तशी तिच्यावर येऊन थांबली. जळकी बाही हातात धरून तिने वडिलांकडे पाहिलं होतं तीच नजर. आईला वाटलं, असं वाटतं तर या नजरेत उभं राहायला. थंडी वाजल्यासारखं.

यजमानांचा हात खाली आला. खांदे सैल झाले. त्यांनी लेकीला जरा बाजूला घेतलं आणि आवाज उतरवून, पण आईलाही स्पष्ट ऐकू जाईल असं, मायेने म्हणाले, "तिला काही बोलू नकोस. ती हल्ली विसरते. मी तुला सांगणारच होतो."

तिला हसू आलं.  ती खाली वाकून शेंगा गोळा करायला लागली.

लेक तिला डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर तरुण होता, सौम्य होता, त्याने वार विचारला, ऋतू विचारला, काही आकडे म्हणून दाखवले आणि उलटे म्हणायला सांगितले. निम्म्या गावाचे नंबर जिच्या जिभेवर असायचे त्या बाईला हे विचारत होता तो. तिने पहिले बरोबर म्हटले. मग मुद्दाम अडखळली. चालू बोलण्याची तार उपटून टाकावी तसं तिला वाटलं. सगळ्या नोकरीत तिने तसं कधी केलं नव्हतं. शेजारच्या खुर्चीवरून लेकीने तिचा हात धरला आणि घट्ट दाबला. त्या दाबाचं तिला सगळ्यांत जास्त वाईट वाटलं.

शेगडी राहिली. लेक वडिलांना म्हणाली, "बाबा, आईवर लक्ष ठेवा. गॅसजवळ एकटीला सोडू नका. तुमच्या भरवशावर ठेवतेय मी तुम्हाला इथे." आणि ते एकदम ताठ झाले. त्यांना काम मिळालं. यार्ड सुटल्यापासून कुणी त्यांच्यावर काही सोपवलंच नव्हतं. ते तिच्या मागे मागे फिरायला लागले. "नळ बंद केलास?" तिने केलेला असायचा. "अगंबाई, विसरलेच," ती म्हणायची, आणि ते समाधानाने जाऊन बंद असलेला नळ आणखी पिळून यायचे. "दूध मी बघतो, तू बस." "किल्ली कुठे ठेवलीस? बघ, इथे. बरं झालं मी पाहिलं." ती दिवसातून कितीदा "विसरलेच" म्हणाली त्याला हिशेब नाही. आणि दूध मात्र दाराआडून तीही बघायची, ओट्यापासून चार पावलांवर, श्वास धरून. कंडक्टर भिंतीवरून विचारायचा, "काय वहिनी, इन्स्पेक्टर कडक आहे ना?" आणि यजमान मोठ्याने हसायचे. त्या उन्हाळ्यात ते जितके हसले तितके आधीच्या सगळ्या वर्षांत मिळून हसले नसतील. दर शनिवारी ती घोड्यांचा डबा चादरींच्या कपाटात लपवायची. कट्ट्यावर एकटा पांढरा डबा उरायचा. रविवारी ड्रममध्ये ओले खडे घोळल्यासारखा भरीव आवाज यायचा, ती पायरीवर बसून डोळे मिटायची, दाणे फुटायचे आणि बोट खाली यायचं.

मग हवा थंड झाली. एका रविवारी तिने सगळं मांडून ठेवलं आणि ते ड्रमसमोर येऊन नुसतेच उभे राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी बोटाच्या पेराने ड्रमवर टकटक केली. "हे कुणाचं?" त्यांनी विचारलं.

"आपलंच."

"काय करतात याचं?"

तिने सांगितलं. निखारे कसे धरायचे, दाणे कसे फुटतात, बोट कसं वर करायचं. नव्या घरी आलेल्या पाहुण्याने ऐकावं तसं त्यांनी अदबीने सगळं ऐकून घेतलं. "छान आहे," ते म्हणाले. "ज्याने केलंय त्याने छान केलंय." त्या दुपारी तिने स्वतःच लेकीला फोन लावला. फाटकासमोरचा चर तोवर बुजवला होता. सामान न्यायला गाडी थेट दारापर्यंत आली.

लेकीच्या घरी ते दोन हिवाळे काढून गेले. बहुतेक वेळ खिडकीशी बसत आणि काचेवर नखाने वाजवत. शेवटी शेवटी तेही थांबलं. जायच्या आधी काही दिवस तिचा हात हातात घेऊन त्यांनी तिच्या मनगटावर दोन बोटं हलकेच वाजवली आणि कान जवळ नेला. काय ऐकू आलं ते सांगितलं नाही. शेगडी जावयाने भंगारात दिली. ड्रम कंडक्टरने मागून घेतला आणि मोटर दुरुस्त केली. त्याला कान नव्हता. त्याची कॉफी कधी आंबट व्हायची कधी कडू, पण तो ती पिशवीत भरून सणासुदीला आठवणीने पाठवायचा, आणि घरी कुणी ती पीत नसलं, तरी पहाटे उठून पिशवी उघडून ती नुसता वास घ्यायची. पुढे त्याचे गुडघे गेले आणि तो मुलाकडे राहायला गेला. ड्रमचं काय झालं ते विचारायचं राहूनच गेलं. जावयाने कॉफीचं यंत्र घेतलं. बटण दाबलं की येते.

आणि तिला मात्र गॅसजवळ कुणी जाऊ दिलं नाही. यजमान असताना नाही, गेल्यावरही नाही. लायटर वरच्या फळीवर असायचा. नातवंडं प्रेमाने राखण करायची, "आजी, तू बस ना, आम्ही देतो." ती बसायची. वार विचारले की सांगायची, मधूनमधून चुकवायची. एकदा धरलेलं सोडलं तर आधीचंही सुटलं असतं. कधी कधी रात्री अंथरुणात ती जुने नंबर म्हणायची, मनातल्या मनात, एकेका घराचा, एकेका दुकानाचा, आणि यार्डाचा सगळ्यांत शेवटी.

बऱ्याच वर्षांनी एका सकाळी लेक तिच्याजवळ येऊन बसली. लेकीचेही केस आता पांढरे व्हायला लागले होते.

"आई, काल कंडक्टरकाकांना भेटून आले. थकलेत फार." तिने हातातली बांगडी मागेपुढे सरकवली. "आई, त्या दिवशी दाणे कुणी भरले होते गं?"

खिडकीच्या काचेवर ऊन आलं होतं. सांगणं आता अगदी सोपं होतं. सांगून कुणाचं काही जाणार नव्हतं. फक्त वरच्या फळीवरचा लायटर, नातवंडांची ती राखण, डॉक्टरकडे दाबलेला हात, एवढी सगळी वर्षं लेकीला एकटीला उचलावी लागली असती.

"मला कुठलं आठवायला, बाई," ती म्हणाली.

लेक तिच्याकडे बघत राहिली. ती त्या दोघांचीच लेक होती. तिलाही कान होते. ती उठून आत गेली. आत भांड्यांचे आवाज झाले, फळीवरून काहीतरी खाली घेतल्याचा आवाज झाला, आणि मग तिची हाक आली, थोडी घोगरी.

"आई, दूध ठेवलंय गॅसवर. जरा बघतेस? मी आंघोळीला जाते."

ती उठली. सावकाश स्वयंपाकघरात गेली. निळी आच बारीक जळत होती. तिने नखाने पातेल्यावर हलकेच टकटक केली. भरलेलं पातेलं वाजत नाही, तेही वाजलं नाही. ती तिथेच उभी राहिली, एक हात ओट्यावर टेकून. न्हाणीघरात पाणी सुटल्याचा आवाज नव्हता. दाराआड कुणीतरी श्वास धरून उभं होतं. दुधावर साय धरली, कडेने फुगली, वर यायला लागली, आणि तिने गॅस बंद केला.